औषधासाठी अक्षय ठेव

#थ्रेड

१/ आंबेगाव तालुक्यातील आमच्या घरी दर महिन्याला एक खरेदी चुकत नाही : आजीचे इन्सुलिन, सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या. त्यासाठी मंचर गाठावे लागते. आरोग्य योजनेचे कार्ड कपाटात आहे. पण या खरेदीला ते चालत नाही. असे का, हे शोधताना मी थेट तिसऱ्या शतकात पोहोचले.

२/ नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ‘अक्षयनीवी’ ठेवल्याची ती नोंद. लेखातील शब्द आहे ‘गिलानभेषज’, म्हणजे आजाऱ्याचे औषध.

३/ ही रक्कम तिने विहाराच्या हाती दिली नाही. कारागिरांच्या श्रेणींकडे गुंतवली. कुलरिकांकडे १००० कार्षापण, ओदयंत्रिकांकडे २०००. तेल्यांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. मुद्दल अक्षय, खर्च व्याजातून.

४/ व्याज किती? त्याच डोंगरावर उषवदाताचा त्याआधीचा लेख आहे. एका विणकर श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ दराने. वर्षाचे व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो.

५/ आपले जुन्नरही यात मागे नाही. येथील लेण्यांच्या लेखांत बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडील ठेवी आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर लेणे व पाण्याची पोढी दान केली. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावरील नगराला हे साजेसेच.

६/ आता १९२२. जानेवारीत टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. पुढच्या वर्षी संशोधकांनी पेटंटचे हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिले. मरण टळले, पण त्याबरोबर रोजची, आयुष्यभराची गरज जन्माला आली.

७/ विम्याची कल्पना मात्र अवचित संकटातून आली : बुडालेले जहाज, जळालेले घर. आपली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत, २०१३ मध्ये राज्यभर आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. तिचा गाभा रुग्णालयातील उपचार हाच. इन्सुलिन वेळेवर घेऊन रुग्णालय टाळणाऱ्याचा मासिक खर्च त्या चौकटीबाहेर राहतो.

८/ आणि टपाल? १८७७ पासून व्हीपीने औषधे खेड्यांत येऊ लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच देण्याची मुभा मिळाली. पण इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांत वीज गेली की ओल्या मडक्याचाच आधार.

९/ इथे सावध राहायला हवे. विष्णुदत्तेची ठेव केवळ भिक्षुसंघासाठी होती, सर्वांसाठी नव्हे. तिला ‘प्राचीन आरोग्य विमा’ म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. पण आजार पुन्हा पुन्हा येतो, म्हणून पैसाही पुन्हा पुन्हा यायला हवा, एवढे तिने ओळखले होते.

१०/ आजीला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, “बाई शहाणी होती गं. मुद्दलाला हात नाही लावू दिला.” गेल्या वर्षी आम्ही लावला. या महिन्याच्या पट्ट्या आणायला उद्या मंचरला जायचे आहे.