टोपलीत उकळलेलं पाणी

पाणी उकळायचं म्हटलं की आपल्याला आधी भांडं लागतं. गाळलेलं पाणी पातेल्यात ओतायचं, पातेलं चुलीवर ठेवायचं. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. पण ज्या रानात तांबं-पितळ नाही, मातीचं मडकंही नाही, तिथं बाईनं काय करायचं?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत राहणाऱ्या मिवोक बायकांनी ही अडचण उलट्या बाजूनं सोडवली. भांडं विस्तवावर ठेवता येत नाही ना? मग विस्तवाची धग भांड्यात आणू!

त्यांचं भांडं म्हणजे टोपली. काड्या नि मुळ्या इतक्या घट्ट विणायच्या, की पाणी भरल्यावर त्या फुगतात आणि टोपली गळत नाही. जाळात तापवलेले दगड लाकडी चिमट्यानं उचलायचे, पटकन पाण्यात बुचकळून राख धुवायची आणि टोपलीत सोडायचे. वाकवलेल्या काठीनं ते सारखे हलवायचे, नाहीतर टोपलीचं बूड करपलंच म्हणून समजा! दगडही पारखून घ्यावा लागे; ओल धरलेला नदीतला गोटा जाळात फुटून उडतो. अशा टोपलीत ओकच्या फळांच्या पिठाची पेज शिजे. ते पीठ आधी पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन त्याचा कडूपणा काढावा लागे.

जुन्या वस्त्या उकरल्या की तडकलेले, काळवंडलेले दगड हाती लागतात. टोपली मात्र बहुधा कुजून गेलेली असते. म्हणून 'मडकं नाही, म्हणजे माणसं मागासलेली' असं ठरवून टाकणं सोपं जातं. पाणी धरणारी टोपली विणायला किती अक्कल लागते, ते विणणारीलाच ठाऊक.

१८४८ साली तिथं सोनं सापडलं आणि बाहेरच्यांची रीघ लागली. १८५१ मध्ये योसेमिटी खोऱ्यात शिरलेल्या मारिपोसा बटालियननं तिथल्या लोकांचे ओकफळांचे साठेच जाळले. बायकांनी वेचून, वाळवून ठेवलेली बेगमी गेली. पुढं लोखंडी भांडीही आली.

तरी ही विद्या बुडाली नाही. योसेमिटीच्या लूसी टेलिस (१८८५–१९५५) टोपल्या विणत राहिल्या. त्यांची नातसून ज्युलिया पार्कर त्यांच्या हाताखाली शिकली आणि १९६० पासून तिथल्या संग्रहालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांना विणून दाखवू लागली. आजेसासूकडून नातसुनेकडे आलेला हा वारसा, बायांनो, आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.