हवा कुणासाठी बदलायची? ठाणे–बेलापूर रोडवरच्या दोन आकड्यांचा इतिहास

ठाणे–बेलापूर रोडने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघालात की दोन प्रकारच्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. एक म्हणजे पत्र्याच्या छपराच्या शेड, वर गरगरणारे टर्बो व्हेंटिलेटर. दुसऱ्या म्हणजे काचेच्या ऑफिस इमारती, ज्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. दोन्हींच्या डिझाइनमध्ये वायुवीजनाचा एक आकडा असतो. शेडसाठी ‘तासाला इतके एअर चेंज’, ऑफिससाठी ‘माणशी इतकी ताजी हवा’. आपण तो आकडा कोडमधून उचलतो, एक्सेल शीटमध्ये टाकतो आणि पुढे जातो.

रिसर्च करायचा असेल तर इथेच थांबायला शिका. कोडमधला आकडा म्हणजे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. उत्तर छापलं जातं, प्रश्न मात्र गळून पडतो. आज आपण या दोन आकड्यांमागचे प्रश्न शोधूया.

पहिला प्रश्न: धागा की माणूस?

शेडच्या आकड्याचं मूळ खाडीपलीकडे, मुंबईच्या कापड गिरण्यांत आहे. मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. यंत्रं इंग्लंडहून आली, तशीच इमारतींची रूपंही. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे उजेड येतो पण ऊन येत नाही. लँकेशायर साधारण ५३ अंश अक्षांशावर आहे, तिथे भर दुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मुंबई १९ अंशांवर. इथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उकाड्यात त्याच काचांतून ऊन आत येणार! डिझाइन उसनं घेताना त्यामागचं गृहीतकही उसनं येतं, याचं हे सोपं उदाहरण.

पण खरा झगडा विणकाम खात्यात होता. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो, म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. धाग्याला दमटपणा हवा, तर माणसाला घाम वाळायला कोरडी, हलती हवा हवी. एकाच खोलीतल्या हवेवर दोन दावेदार. त्यांतल्या एकाचा हिशेब मालकाच्या वहीत दिसायचा, दुसऱ्याचा नाही.

हे मोजायचं कसं? १९०५ मध्ये जे. एस. हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवलं की उष्णतेत माणूस कुठवर टिकेल हे साध्या तापमापकावर ठरत नाही, ओल्या फडक्याच्या तापमापकावर ठरतं. त्याला आपण वेट बल्ब म्हणतो. स्थिर हवेत हा आकडा ८८ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ३१ सेल्सिअसच्या वर गेला की शरीराचं तापमान चढू लागतं. भारतात हाच प्रश्न सरकारी पातळीवर आला. टी. मॅलोनी यांचा भारतीय गिरण्यांतल्या कृत्रिम दमटपणावरचा अहवाल १९२३ चा आहे.

आता १९४८ चा कारखाना अधिनियम उघडा. कलम १३ वायुवीजन आणि तापमान, कलम १४ धूळ आणि धूर, कलम १६ गर्दी. मधलं कलम १५ पूर्णपणे कृत्रिम दमटपणावर आहे. त्यासाठी वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं, पिण्याच्या स्रोताचं किंवा शुद्ध केलेलं असावं, असं त्यात बजावलेलं आहे. सगळ्या देशातल्या सगळ्या कारखान्यांच्या कायद्यात दमटपणाला स्वतंत्र कलम का? कारण हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरणी होती. कायद्याखालच्या नमुना नियमांतही वेट बल्बची मर्यादा ३० सेल्सिअस आणि हवेचा वेग मिनिटाला किमान ३० मीटर अशी जोडी सापडते. प्रश्न तोच: माणसाचा घाम वाळतोय का?

प्रश्न हरवला की काय होतं

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झालं आणि ठाणे–बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहत गेले. सिडको आली ती १९७० मध्ये. म्हणजे नवी मुंबई शहर होण्याआधीच इथे शेड होत्या, आणि त्या गिरणीच्या आठवणीवर लिहिलेल्या कायद्याखाली बांधल्या जात होत्या. फक्त आत आता माग नव्हते. भट्ट्या होत्या, रिअॅक्टर होते, प्रेस होते.

एक हिशेब करून बघा. समजा शेड ५० मीटर लांब, २० मीटर रुंद, ८ मीटर उंच. घनफळ ८,००० घनमीटर. तासाला ६ एअर चेंज धरले तर ४८,००० घनमीटर हवा, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.३. आत ४० कामगार असतील तर माणशी तासाला १,२०० घनमीटर. कागदावर चैन आहे. आता त्याच शेडमध्ये २०० किलोवॅट उष्णता टाकणारी भट्टी ठेवा. ही सगळी उष्णता हवेनेच वाहून न्यायची, तर बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा सुमारे १२ अंशांनी गरम असेल. बाहेर ३४ असेल तर छपराखाली ४६. वाढ ५ अंशांवर रोखायची असेल तर जवळपास १५ एअर चेंज लागतील.

आता गंमत पाहा. शेडची उंची निम्मी करा, भट्टी तीच. हवा तेवढीच लागेल, पण एअर चेंज होतील ३०. उष्णता बदलली नाही, कामगार बदलले नाहीत, तरी आकडा दुप्पट. म्हणजे एअर चेंज हा आकडा खोलीबद्दल बोलतो, उष्णतेबद्दल नाही. कायदा लिहिणाऱ्यांना याची जाण होती, असं कलम १६ वाचताना वाटतं. प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा द्या, पण जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची जागा मोजू नका, असं ते सांगतं. उंच छपराखालची हवा दाखवून गर्दी लपवू नका, हा त्याचा अर्थ.

दुसरा प्रश्न: शेजाऱ्याचा वास

ऑफिसचा आकडा वेगळ्याच घराण्यातला आहे. १८५८ मध्ये म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी कार्बन डायऑक्साइड हा खोलीतल्या शिळ्या हवेचा मापदंड मानला. १९३६ मध्ये हार्वर्डमध्ये यॅग्लू यांनी माणसं खोलीत बसवली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना वास घ्यायला लावला. किती हवा सोडली की वास सुसह्य होतो, हे नाकाने मोजलं. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज वाचवायची म्हणून अमेरिकेच्या अॅश्रे मानकाने १९८१ मध्ये धूम्रपान नसलेल्या ऑफिसांसाठी माणशी सेकंदाला सुमारे अडीच लिटरपर्यंत हवा खाली आणली. बंद इमारतींत डोकेदुखीच्या, डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी वाढल्या. १९८९ मध्ये किमान आकडा तिप्पट, साडेसात लिटर झाला.

म्हणजे एका आकड्यामागे कामगाराचा घाम आहे, दुसऱ्यामागे नाक आणि विजेचं बिल.

दोघांनीही न विचारलेला प्रश्न

दोन्ही घराण्यांत एक गृहीतक सारखं आहे: बाहेरची हवा ताजी असते. नवी मुंबईत ते तपासून घ्यावं लागतं. पश्चिमेला ठाणे खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रसायन कारखाने, दगडखाणींची धूळ, ट्रकचा धूर आणि ऑफिस. दिवसा वारा खाडीकडून येतो, रात्री बहुधा उलटा फिरतो. दुपारी जो एक्झॉस्ट तुमच्यापासून दूर जातो, तोच रात्रपाळीला शेजाऱ्याच्या ताज्या हवेच्या तोंडाशी पोचू शकतो. अशा ठिकाणी हवेचं प्रमाण दुप्पट केलं तर आत काय दुप्पट येईल? एअर चेंजचा आकडा याचं उत्तर देत नाही, कारण त्याला ते कधी विचारलंच गेलं नव्हतं.

तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी इतकंच करा. डिझाइनमधला प्रत्येक आकडा घ्या आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: हा कुणाला वाचवण्यासाठी ठरला, कशापासून, आणि काय गृहीत धरून. कलमांचा क्रमसुद्धा वाचा, तोही पुरावा असतो. तिसऱ्या रकान्यातलं गृहीतक तुमच्या साईटवर खोटं ठरलं, तर तुमचा रिसर्चचा प्रश्न बहुतेक तिथेच आहे. आणि तो नुसता थेसिसचा प्रश्न नसतो. त्या शेडमध्ये आठ तास उभं राहणारा माणूस त्याच हवेत श्वास घेत असतो.