एकतीस मार्चनंतर काय?

मंडळी, आमच्या महाड तालुक्याचं नाव निघालं की रायगड आणि चवदार तळं ही दोन नावं आधी येतात, आणि ते बरोबरच आहे. पण महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते नावाचं गाव लागतं. १४ जानेवारी १८९६ ला या गावात चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडलेले सी. डी. देशमुख ते हेच. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण गंमत अशी की केंब्रिजला ते शिकले ते अर्थशास्त्र नव्हे. वनस्पतीशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते आणि वनस्पतीशास्त्रात त्यांनी बक्षीसही मिळवलं होतं. म्हणजे आमच्या तालुक्यातला एक विज्ञानाचा पदवीधर पुढे अख्ख्या देशाची तिजोरी सांभाळत होता!

त्यांना काही कुणी चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. पण विज्ञान शिकलेल्या माणसाला धंदा आणि हिशेब शिकवता येईल का, हा प्रश्न पुढे सरकारनेच मनावर घेतला. त्यासाठी योजना आल्या, योजनांना पैसे आले आणि पैशांमागोमाग अर्थातच फॉर्म आले. मी मूळचा वरंधचा, पोटासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्म, फिल्ड आणि रिपोर्ट यांच्यातच माझा आठवडा जातो, त्यामुळे रविवारीसुद्धा या फॉर्मांचा इतिहास वाचावासा वाटला तर नवल नको. सरकार पैसे देतं तेव्हा नंतर नेमकं काय विचारतं, एवढंच आज बघायचं आहे.

आधी त्या कागदाबद्दल. सरकारी अनुदान घेतलेल्या कुठल्याही संस्थेत 'यूसी' म्हटलं की लोकांचा चेहरा बदलतो. यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम १९४७ साली एकत्र केले गेले, मग १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये नव्याने आले. २००५ च्या नियमांत या प्रमाणपत्राचा नमुना होता १९-अ, २०१७ च्या नियमांत तो १२-अ झाला. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत हा कागद द्यायचा. मजकूर साधारण असा, की अमुक पत्राने तमुक रक्कम मिळाली, मागच्या वर्षीची इतकी शिल्लक होती, ज्या कामासाठी दिली त्याच कामावर इतकी खर्च झाली, उरलेली परत केली किंवा पुढच्या वर्षात धरली. आणि खाली सही करणारा म्हणतो, पैसे खरोखर त्याच कामावर गेले याची मी खात्री केली आहे, आणि ती कशी केली हेही क्रमांक घालून लिहितो.

या कागदाची चेष्टा करणं सोपं आहे, पण मी करणार नाही. लोकांनी भरलेला कर संसद मंजूर करते, तो कुणाच्या तरी खिशात जाऊ नये म्हणून ही साखळी आहे. यूसी वेळेवर येत नाहीत ही तक्रार कॅगच्या अहवालांत वर्षानुवर्षे असते, आणि ती रास्तच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा कागद पैशाबद्दल बोलतो आणि त्याचं घड्याळ ३१ मार्चला थांबतं. धरणाच्या सिमेंटला हे घड्याळ चालतं. माणसाला उद्योजक बनवण्याच्या कामाला चालतं का?

आता १९६४ कडे जाऊ. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचं म्हणणं होतं की काहीतरी करून दाखवण्याची ओढ ही जन्मजात नसते, ती मोठ्या माणसांतही शिकवून जागी करता येते. त्यांनी हे आपल्याकडेच करून पाहिलं. आंध्रातल्या काकीनाड्याच्या ५२ व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत प्रशिक्षण दिलं. आता खरी गंमत पुढे आहे. प्रशिक्षण झालं, टाळ्या झाल्या, विषय संपला, असं झालं नाही. पुढच्या काही वर्षांत त्या लोकांनी काय केलं ते विचारलं गेलं. कुणी भांडवल घातलं, कुणी माणसं कामाला लावली, याची तुलना प्रशिक्षण न घेतलेल्या तशाच व्यावसायिकांशी केली, आणि १९६९ साली डेव्हिड विंटर यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. प्रशिक्षण घेतलेले लोक जास्त हालचाल करताना दिसले. भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाची पाळंमुळं शोधत गेलात तर काकीनाडा भेटतोच.

म्हणजे बघा, अशा प्रशिक्षणाचा उपयोग होतो हे कळलं, ते नंतर जाऊन विचारल्यामुळे कळलं. हजेरीपटावरून ते कधीच कळलं नसतं.

यानंतर गुजरातेत सत्तरच्या दशकात अशा प्रशिक्षणाचा साचा तयार झाला. १९८२ साली केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ स्थापन झालं. विज्ञान शिकलेल्यांनी नोकरी मागणारे न होता नोकरी देणारे व्हावं, हा हेतू. १९८३ मध्ये अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था आली, १९८८ मध्ये आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. केंद्रीय मंडळाच्या कार्यक्रमांचे प्रकार ठरले: कॉलेजातल्या मुलांसाठी तीन दिवसांचं जागृती शिबिर, पदवीधरांसाठी चार आठवड्यांचा कार्यक्रम, एखाद्या तंत्रावर आधारलेला सहा आठवड्यांचा. पुढे हे कार्यक्रम देशभर वाटण्याचं काम अहमदाबादच्या संस्थेकडे आलं, त्या व्यवस्थेचं नाव 'निमॅट'. त्या नावाचा विस्तार केलात तर त्यात अंमलबजावणीबरोबर देखरेख हाही शब्द सापडतो.

देखरेख होती, नाही असं नाही. पण देखरेख करणाऱ्याला लांबून काय दिसतं? किती शिबिरं झाली, किती मुलं बसली, किती पैसे लागले.

आमच्याकडचंच सांगतो. माझा आतेभाऊ रसायनशास्त्राचा पदवीधर, महाड एमआयडीसीत शिफ्ट केमिस्ट होता. महाडच्या आसपास विज्ञान शिकलेल्या पोराचा हा ठरलेला रस्ता आहे. त्याने तेव्हा अशाच एका चार आठवड्यांच्या कार्यक्रमात नाव घातलं. त्याच्या डोक्यात होती पाणी तपासून देणारी छोटी प्रयोगशाळा, कारण गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासायचं तर नमुना घेऊन लांब जावं लागायचं. त्याच्याच बॅचमधल्या एकाने तीन महिन्यांत दुकानाची नोंदणी केली. अहवालात तो 'यशस्वी' ठरला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याचं शटर बंद होतं. आतेभावाने नोकरी सोडली नाही. बहिणीचं लग्न झालं, घराचं कर्ज फिटलं, जुनं यंत्र कुठे मिळतं ते शोधलं, आणि नऊ वर्षांनी पोलादपूरला त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे.

मी त्याला विचारलं, "दादा, त्या लोकांना कळवलंस का?"

"कुणाला कळवू? तेव्हा फोटो काढला, सही घेतली, चहा पाजला. शिकवलं चांगलं हो त्यांनी, खोटं कशाला बोलू. किंमत कशी लावायची ते मी तिथेच शिकलो. पण ती फाईल केव्हाच बंद झाली असेल."

म्हणजे कागदावर बंद पडलेलं दुकान यश, आणि चालू असलेली प्रयोगशाळा शून्य. यात कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी खोटं लिहिलं नाही. यूसी बिनचूक असणार. प्रश्नच चुकीच्या दिवशी विचारला, एवढंच झालं.

तुम्ही म्हणाल, एका आतेभावावरून काय सिद्ध होतं? ठीक आहे, मोठं उदाहरण घेऊ. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८९० साली कलाभवन सुरू झालं. त्याचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ, आणि शिकलेल्या पोरांनी कारखाने काढावेत ही त्यांची तळमळ. राज्याने पैसा दिला. आता समजा १८९१ च्या मार्चअखेर कुणी विचारलं असतं, "कारखाने किती निघाले?" तर उत्तर काय आलं असतं? गज्जर, त्यांचे शिष्य भाईलाल अमीन आणि कोटीभास्कर यांनी मिळून अलेम्बिक काढली ती १९०७ साली, म्हणजे कलाभवन सुरू झाल्यावर सतरा वर्षांनी. त्याच कलाभवनात १८९० साली एक मराठी तरुण शिकायला आला होता, धुंडिराज गोविंद फाळके. तो काही शास्त्रज्ञ नव्हता. पण त्याच्या नावापुढे कुठल्या रकान्यात काय लिहिलं असतं? 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर यायला १९१३ उजाडलं. तेवीस वर्षं!

१९८२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी अमेरिकेत छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला सरकारी पैसा देणारा कायदा झाला, एसबीआयआर नावाने तो ओळखला जातो. त्यांच्याकडेही कागद भरपूर आहेत, किंबहुना जास्तच. पण एक फरक आहे. संरक्षण खात्याकडे नवीन पैसे मागायला गेलेल्या कंपनीला विचारतात, आधीच्या पैशांतून जे बनवलंत त्याची विक्री किती झाली? म्हणजे जुना प्रश्न पुन्हा उघडतो. पुढे २०११ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने शास्त्रज्ञांसाठीच आय-कोअर हा कार्यक्रम काढला. सात आठवड्यांत शंभरएक गिऱ्हाइकांशी बोलायचं, संघाला ५०,००० डॉलर. २०१७ च्या कायद्याने या कार्यक्रमाचा अहवाल दर दोन वर्षांनी काँग्रेसपुढे ठेवणं आलं, आणि त्या अहवालांत शिकून गेलेल्यांनी किती कंपन्या काढल्या, त्यांना पुढे किती भांडवल मिळालं हे येतं. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. फक्त अनुदानावर जगणाऱ्या कंपन्यांचं एक पीकच तिकडे आलं आणि २०११ मध्ये त्यासाठी विक्रीची किमान अट घालावी लागली. पण ही कीड सापडली कशी? नंतर विचारल्यामुळेच.

आपल्याकडेही गाडी अगदी थांबलेली नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. तिच्या आवारात २००७ साली व्हेंचर सेंटर सुरू झालं, शास्त्रज्ञांच्या कंपन्या उबवणारं. २००९ मध्ये सरकारी संस्थांतल्या शास्त्रज्ञांना नोकरीत राहून कंपनीत भागीदारी घेण्याची मुभा मिळाली. त्याआधी हे म्हणजे जवळजवळ गुन्हाच समजत! २०१२ च्या बिरॅकने कल्पनेच्या पातळीवरच्या कामासाठी ५० लाखांपर्यंत, अठरा महिन्यांसाठी, अनुदान सुरू केलं. तिथे हप्ता टप्प्यावर मिळतो. ठरलेलं काम दाखवा, पुढचे पैसे घ्या. ही पद्धत प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला समजते.

आणि अर्थसंकल्पातही बदल झाला. २००५ मध्ये चिदंबरम यांनी पहिला 'आउटकम बजेट' संसदेत मांडला. खर्च किती यापेक्षा निष्पत्ती काय हे सांगा, असा त्याचा आग्रह. २०१७ च्या यूसीच्या नमुन्यात तर निष्पत्तीचं परिशिष्टच जोडलं गेलं. मी ते वाचलं तेव्हा खूश झालो. मग पुन्हा नीट वाचलं. निष्पत्ती मागितली आहे ती त्याच आर्थिक वर्षाची! शब्द नवा आला, घड्याळ तेच राहिलं.

आमच्या धंद्यात याला तोड नाही असं समजू नका. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला देऊन टाकला की आम्ही तिकीट 'बंद' करतो आणि महिन्याच्या रिपोर्टात बंद तिकिटांचा आकडा झळकतो. गिऱ्हाईक तो प्रोग्रॅम वर्षभराने वापरतंय का, हे बघायला वेगळं फिल्ड लागतं आणि ते फिल्ड भरायला कुणीतरी फोन करावा लागतो. त्या फोनचे पैसे कुणाच्याच बजेटमध्ये नसतात, म्हणून तो फोन होत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अहवाल कमी करा असं मी म्हणत नाही. यूसी असू दे, ती पैशाची चौकी आहे. पण प्रशिक्षणाच्या प्रत्येक योजनेत मूळ मंजुरीतच थोडी रक्कम बाजूला ठेवावी, पाच आणि दहा वर्षांनी त्या मुलांना शोधून दोन प्रश्न विचारण्यासाठी. काय करतोस? आणि तिथे शिकलेलं काय कामाला आलं? २०२० पासून छोट्या उद्योगांची नोंदणी उद्यम पोर्टलवर होते, त्यामुळे माणूस सापडणं पूर्वीइतकं कठीण नाही. मात्र नुसता नोंदणी क्रमांक जुळवून भागणार नाही, शटर उघडं आहे का ते बघायला फोनच करावा लागेल. आणि ज्यांनी काहीच काढलं नाही त्यांनाही विचारावं, कारण का नाही काढलं हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

चिंतामणराव १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आधी पैसे मंजूर करणारे, मग वाटणारे. आयोगाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवायचा असं कायद्यातच लिहिलेलं होतं. हिशेबाचं महत्त्व त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माणसाला हेही ठाऊक असणार की आंब्याची कोय जूनमध्ये लावून मार्चमध्ये आंबे मोजायचे नसतात.

असो. आज बरंच लांबलं. काकीनाड्याच्या त्या ५२ जणांबद्दल अजून लिहिण्यासारखं आहे, ते पुन्हा एखाद्या रविवारी.