मळीत गुदमरलेला समुद्र आणि साखरेची मालकी

सप्टेंबर २०१३ मध्ये हवाई बेटांवरच्या होनोलुलू बंदरात मॅटसन या जहाज कंपनीच्या नळातून सुमारे १,४०० टन मळी समुद्रात गेली. साखर काढल्यावर उरणारा हा काळा घट्ट पाक जहाजांतून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे पाठवला जात असे. त्या गळतीने २६,००० हून अधिक मासे व इतर समुद्री जीव मेले. प्रवाळांचेही मोठे नुकसान झाले.

मळी तर खाद्यपदार्थ, जनावरांनाही चारतात, मग तिने मासे कसे मरतात? तेल पाण्यावर तरंगते, ते गोळा करता येते. मळी पाण्यापेक्षा जड असते. ती तळाशी जाते आणि विरघळते. जिवाणू त्या साखरेवर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे विषाने नव्हे, गुदमरून मरतात. मळी पाण्याबाहेर काढण्याचा उपाय नव्हता. भरती-ओहोटीने ती पातळ होण्याची वाट पाहणे एवढेच हाती होते. अशा गळतीसाठी आपली तयारीच नव्हती, हे कंपनीने नंतर मान्य केले.

याला ‘अपघात’ म्हणून मोकळे होता येईल. पण त्या बंदरात मळीचा नळ मुळात आला कुठून, हे विचारले की अपघात संपतो आणि इतिहास सुरू होतो.

१८३५ मध्ये कौआई बेटावर कोलोआ येथे उसाचा मळा उभा राहिला. १८४८ च्या ‘माहेले’ या जमीनवाटपात राजा, सरदार आणि सरकार यांनी जमिनी वाटून घेतल्या. कसणाऱ्या सामान्य हवाईयन माणसाच्या पदरी एक टक्क्याहूनही कमी जमीन पडली. १८५० मध्ये परकीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. पुढे माउई बेटावरचे ओढे कालव्यांनी उसाकडे वळवले गेले आणि खालच्या अंगाला अळूची शेती करणाऱ्यांचे पाणी तुटले. १८९३ मध्ये साखर व व्यापारातल्या गोऱ्या धनिकांनी अमेरिकी सैनिकांच्या धाकात राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील झाली. पुढे पाच कंपन्यांनी हवाईचे अर्थकारण चालवले. त्यांपैकी एक ॲलेक्झांडर अँड बाल्डविन. मॅटसन अनेक दशके तिच्याच मालकीची होती. २०१२ मध्ये ती वेगळी झाली आणि पुढच्याच वर्षी ही गळती झाली.

मळ्यात राबायला चीन, जपान, फिलिपिन्समधून मजूर आणले. मजुरी वंशानुसार वेगवेगळी, वस्त्याही वेगळ्या. एका वंशाने संप केला की दुसऱ्याला कामावर आणायचे. श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडणारी ही रचना आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी जातीचे वर्म नेमके याच जागी दाखवले होते. १९२० मध्ये जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र संपावर गेले, तेव्हा मळेवाले खरे हादरले.

म्हणून मळ्यांपूर्वीचा हवाई हा स्वर्ग होता असे मानायचे का? नाही. तिथे ‘काउवा’ नावाचा बहिष्कृत वर्ग होता. स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवण्यावर बंदी होती, ती १८१९ मध्ये राजाने स्त्रियांच्या पंगतीला बसून मोडली. पंगतीची बंधने मोडणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. जुनी विषमता नव्या लुटीचे समर्थन होऊ शकत नाही आणि नवी लूट जुन्या विषमतेला पवित्र करत नाही.

२०१५ मध्ये कंपनीने संघराज्य न्यायालयात गुन्हा कबूल केला. दंड व भरपाई मिळून १० लाख डॉलर ठरले. राज्य सरकारशी १ कोटी ५४ लाख डॉलरची तडजोड झाली. मात्र त्यातला बराच हिस्सा कंपनीच्या स्वतःच्या मळीच्या टाक्या काढण्याचा खर्च होता. हवाईतला शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला. मालकांचा नफा केव्हाच बाहेर गेला होता. मेलेले प्रवाळ आणि आटलेले ओढे तिथेच राहिले.

आपल्याकडेही मळी आहे, तिच्यापासून दारू गाळणारे कारखाने आहेत आणि पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. ऊस तोडणारे हात बहुतांशी दलित, भटके आणि भूमिहीन बहुजनांचे आहेत. कारखान्याच्या संचालक मंडळावर ते किती दिसतात? १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. नदी आणि समुद्र कोणाचे, हा प्रश्न त्याच हक्काचा आहे. पर्यावरणाची चळवळ हा प्रश्न टाळून मासे मोजत बसली, तर ती पुढच्या गळतीपर्यंत मासेच मोजत राहील.

जय भीम!