लॅगचा इतिहास आणि एक राहिलेली माफी

स्मरणिका समितीने फर्मान काढलं, "इतिहासावर लिही, पण कंटाळवाणं नको." शाळेत माझी सनावळी हमखास चुकायची, हे इतिहासाच्या बाईंना आठवत असेलच. म्हणून कामामुळे जी सनावळी पाठ झाली आहे, तीच लिहिते. हा ऑनलाइन गेम खेळताना येणाऱ्या 'लॅग'चा इतिहास आहे. आपल्या वर्गाचं एक जुनं प्रकरणही त्यात आहे.

आपण बटण दाबलं की संदेश सर्व्हरकडे जातो आणि उत्तर परत येतं. या जाण्यायेण्याच्या वेळेला 'पिंग' म्हणतात. तो मोजणारा छोटा प्रोग्रॅम अमेरिकेत माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. पुष्कळांना वाटतं की जास्त स्पीडचा प्लॅन घेतला की लॅग जातो. आपण हार्बर लाइनवर वाढलेली माणसं. नऊ डब्यांची गाडी बारा डब्यांची झाली, तेव्हा माणसं जास्त मावू लागली. पण रावळी जंक्शनला सिग्नलसाठी थांबायचं ते थांबावंच लागतं. डबे म्हणजे स्पीड आणि वाटेतला वेळ म्हणजे लॅग.

आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले. घरी मात्र टेलिफोनची तार आणि किरकिरणारा मोडेम. अक्षरांचं ध्वनीत आणि ध्वनीचं पुन्हा अक्षरांत रूपांतर करण्यातच मोडेम शंभरावर मिलिसेकंद खाऊन टाकायचा. त्यात आत्याचा फोन आला की खेळ खलास.

याच सुमारास परदेशात यावर डोकं चालवलं जात होतं. १९९६ साली 'क्वेक' आला. त्यात खेळाडूने पाऊल टाकलं की सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत ते पडद्यावर दिसतच नसे. गेम तयार झाला होता वेगवान लाइनवर. टेलिफोनवर खेळणाऱ्यांचे हाल पाहून जॉन कारमॅक यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'क्वेकवर्ल्ड' काढला. आता तुमचा संगणक सर्व्हरची वाट न पाहता पाऊल दाखवून टाकी. सर्व्हरने वेगळं सांगितलं तर मागाहून दुरुस्ती होई. पुढे 'काउंटर-स्ट्राइक'च्या मुळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या यंत्रणेत आणखी एक युक्ती आली. यान बर्नियर यांनी २००१ साली ती जाहीरपणे मांडली. गोळी झाडल्याचा निरोप उशिरा पोचला, तर सर्व्हर तेवढं घड्याळ मागे फिरवतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते पाहून निकाल देतो. उशिरा पोचलेल्याचंही ऐकून घेणारा पंच म्हणा ना!

आता आपलं प्रकरण. कॉलेजच्या पहिल्या वर्षांत आपल्यातले पाच-सहाजण वडाळा स्टेशनजवळच्या एका कॅफेत जमायचे. मुलगी म्हणून मी एकटीच. कॅफेतले संगणक एकमेकांना तारेने जोडलेले, त्यामुळे आपसात खेळताना लॅग जवळजवळ शून्य. मुंबईच्या पोरांचा खेळ कॅफेत वाढला, त्याचं हे कारण. पण कधी कधी आम्ही परदेशातल्या सर्व्हरवर खेळायचो, आणि आपला एक वर्गमित्र रात्री घरून, टेलिफोनवरून यायचा. तो हा लेख वाचणार आहे, म्हणून नाव लिहीत नाही. आमचा पिंग अडीचशे-तीनशे, त्याचा सहाशेच्या पुढे. तो दारात दिसला म्हणून गोळी झाडायचा, तोवर आम्ही दार ओलांडून गेलेले असायचो. आम्ही त्याला 'पॅसेंजर' म्हणायचो. "तुझा हातच चालत नाही रे," हे वाक्य माझं. काही महिन्यांनी तो खेळायचाच बंद झाला. मी इंजिनिअरिंगला नेटवर्क शिकत होते, तरी आकडा समोर दिसत असून त्याचा अर्थ लावला नाही.

पुढे सुधारणा भराभर झाल्या. पूर्वी इथल्याच दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला निरोपही बरेचदा परदेशाला वळसा घालून यायचा. वडाळ्याहून दादर व्हाया अमेरिका! तो निरोप देशातच अदलाबदल व्हावा म्हणून २००३ साली 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. २००५ मध्ये महानगर टेलिफोनचा ट्रायबँड आला आणि फोन चालू ठेवून खेळता येऊ लागलं. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि मुंबईतलं इंटरनेट मंदावलं, तेव्हा आपला निरोप खरोखर समुद्रतळातून जातो हे अनेकांना प्रथमच कळलं. तशी ही आपल्या शहराची जुनी परंपरा. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली होती. जिथे केबल येतात तिथे सर्व्हर येतात. २०१६ साली ॲमेझॉनने मुंबईत आपली सर्व्हर केंद्रं सुरू केली, आणि पुढे मोठ्या गेमचे सर्व्हरही इथे आले.

एक मर्यादा मात्र कोणालाच ओलांडता आलेली नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १३५ मिलिसेकंद लागणारच. केबल वळणावळणाची, म्हणून प्रत्यक्षात सव्वादोनशेच्या आसपास. उरलेले उपाय घरगुती आहेत: वायफायऐवजी तार जोडा, खेळताना फोटोंचा बॅकअप थांबवा, जवळचा सर्व्हर निवडा.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्या ग्रुपवर कोणीतरी जुना खेळ पुन्हा काढला. मी कॅलिफोर्नियात, तो अजून वडाळ्यातच. घरी फायबर, सर्व्हर मुंबईत. त्याचा पिंग पाच, माझा दोनशे तीस. पहिल्या रात्री मी एकवीस वेळा मेले. वीस वर्षांपूर्वी त्याला काय दिसत होतं, ते मला तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, "सर्व्हर सिंगापूरला हलवलाय. मला साठ पडेल, तुला पावणेदोनशे. थोडं मी सोसतो, थोडं तू सोस." पॅसेंजरचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही, आणि ते राहून गेलं.

मित्रा, तुझा हात तेव्हाही चालत होता. हिशेब वर मांडला आहे. चूक माझी होती, आणि ती वर्गासमोर केली होती, म्हणून माफीही वर्गासमोरच मागते. बाई, या वेळी सनावळी तपासून घेतली आहे.