औषध फुकट होते, मग अडले कुठे?

औषध फुकट मिळत असून रोगी ते घेत नाही, तेव्हा दोष कोणाचा? ‘रोग्याचाच,’ असे उत्तर चटकन दिले जाते. कॅनडातील व्हँकूव्हर शहराचा इतिहास पाहिल्यावर आम्हांस हे उत्तर पटत नाही.

१९९६ च्या जुलैत या शहरी जागतिक एड्स परिषद भरली. निरनिराळी औषधे एकत्र दिली असता एचआयव्हीचा विषाणू आटोक्यात राहतो व रोगी जगतो, ही वार्ता तेथून जगभर गेली. त्या प्रांतात ही औषधे मोफत मिळत. परंतु त्याच शहरातील डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये रोग वणव्यासारखा पसरत होता. आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले की, औषधाची गरज असलेल्या अशा शंभरांपैकी सुमारे चाळीस जणांनाच ते मिळाले होते.

ही वस्ती मूळची कष्टकऱ्यांची. लाकूडतोडे, खाणकामगार, खलाशी हंगाम संपला की येथील स्वस्त हॉटेलांत एकेक खोली घेऊन राहत. पुढे रिव्हरव्ह्यू या मोठ्या मनोरुग्णालयातील खाटा कमी झाल्या. बाहेर पडणाऱ्यांची पुरेशी सोय मात्र झाली नाही, आणि पुष्कळ मनोरुग्ण याच खोल्यांत येऊन पडले. खचलेल्या मनाला नशेचा आधार, नशेतून रोग, रोगातून पुन्हा निराशा, असा तो फेरा होता.

हे औषध जन्मभर नेमाने घ्यावयाचे. वारंवार खाडे झाले की विषाणू त्यास दाद देईनासा होतो. ‘हे लोक खाडे करणारच,’ या समजुतीने कित्येक डॉक्टर त्यांना औषध सुरू करण्यासच कचरत. खाडा हा शब्द आम्हां संघटनेच्या माणसांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कामगाराने खाडा केला की मुकादम त्याला आळशी ठरवून मोकळा होतो. घरी काय घडले ते आम्हांस विचारावे लागते. ज्याला उद्याचा दिवसच नकोसा झाला आहे, त्याने उद्याची गोळी कशासाठी जपावी?

व्हँकूव्हरमध्ये हा प्रश्न अखेर विचारला गेला. १९९७ पासून नशा करणारेच एकत्र येऊ लागले व त्यांनी ‘व्हँडू’ ही आपली संघटना उभी केली. त्याच साली सुरू झालेल्या डॉ. पीटर सेंटरमध्ये गरम जेवण, परिचारिकेच्या हातची गोळी आणि मनाचे ऐकून घेणारे माणूस, ही तिन्ही एका छपराखाली मिळू लागली. अफूजन्य नशेवरील मेथडोनसोबतच एचआयव्हीची गोळी रोज दिली, तर नेम अधिक टिकतो, हेही अनुभवास आले. पुढील वीस वर्षांत सुईवाटे होणारी नवी लागण पुष्कळ घटली.

सारे दुःख सरले, असे मात्र नव्हे. भेसळीच्या जहाल नशेने इतके बळी घेतले की, २०१६ साली प्रांताला आरोग्याची आणीबाणी पुकारावी लागली. तरीही एवढा धडा पक्का आहे: गोळी सरकार देऊ शकते, ती गिळण्याची उमेद खोली, जेवण आणि सोबत यांतून येते. ती उमेद न देता रोग्याला बेशिस्त म्हणणे, हा अन्याय होय.