लाकडी पेला आणि शुद्धीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील जुन्या घरांत काठवट असे. तीत ज्वारीचे पीठ मळून भाकऱ्या होत. पाणी प्यावयास मात्र तांब्या-पेला धातूचा. सुताराच्या हातची काठवट चुलीपाशी पोहोचली, पण लाकडी पेला का पोहोचला नाही, याचा आपण येथे विचार करू.

लाकडी पात्र आपल्याला परके नव्हते. वैदिक यज्ञात सोमरस चमस नावाच्या लाकडी पात्रातून पीत. मनुस्मृतीने संन्याशाला भोपळा, लाकूड, माती आणि वेळू यांची पात्रे सांगितली. बुद्धाने भिक्षूंना लाकडी पात्र वर्ज्य केल्याचे विनयपिटकात आहे. श्वेतांबर जैन साधूंनी ते आजवर जपले आहे. गृहस्थ तेवढा त्यापासून दूर राहिला.

याचे एक कारण शुद्धीच्या हिशेबात आहे. धातूचे भांडे राखेने घासले की लख्ख होते. लाकूड ओल शोषते. म्हणून अशुद्ध झालेले लाकडी भांडे तासून शुद्ध करावे, असे मनुस्मृती म्हणते. यज्ञातला चमस मात्र धुतला की पुरे! घरचा पेला तर रोज उष्टा होणार. तो रोज तासला तर उरणार किती? काठवटीला कोणाचे ओठ लागत नाहीत, म्हणून ती टिकली.

दुसरे कारण हवेचे. लाकूड वाळताना गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वाढीच्या कड्यांच्या दिशेने आकसते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. गाभा मध्ये ठेवून कातलेला पेला हमखास तडकतो. घरी लेथवर पेला करणाऱ्याने गाभा टाळून ठोकळा घ्यावा, प्रथम जाडसर कातून सावलीत महिनोन्महिने वाळू द्यावा, मग पातळ करून जवसाचे तेल मुरवावे.

हवेवर अशी कारागिरीने मात करता येते. शुद्धीचा हिशेब अधिक चिवट होता, कारण तो भांड्यांपुरता राहिला नाही. तो माणसांनाही लावला गेला. कोणाच्या हाती पेला, तर कोणाच्या ओंजळीत वरून धार. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळीने पाणी प्याले, ते याच हिशेबाला दिलेले आव्हान होते. घरी केलेला पेला गळतो की नाही, एवढेच आपण पाहावे. तो कोणाच्या ओठांना लागला, हे पाहण्याचे दिवस परत येऊ देऊ नयेत.